कॉफीतला क्रीमर आणि उपवासाचे तास

काळ्या कॉफीच्या मोठ्या कपात, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर कॉफीत, जेमतेम २ कॅलरी असतात. त्यामुळे इंटरमिटंट फास्टिंगच्या उपाशी तासांत ती चालते, याबद्दल फारसे दुमत नाही. दिवसातले सोळा तास काही खायचे नाही आणि उरलेल्या आठ तासांत जेवण उरकायचे, ही १६:८ पद्धत सर्वांत जास्त रुळलेली आहे. तिच्यावरच्या वैद्यकीय चाचण्यांतही सहसा पाणी, बिनदुधाचा चहा आणि काळी कॉफी यांना मोकळीक दिलेली असते. वाद सुरू होतो तो कपातला रंग पांढरट व्हायला लागल्यावर. चमचाभर क्रीमरने सोळा तासांच्या संयमावर पाणी फिरते का? उत्तराचा अर्धा भाग क्रीमरच्या बाटलीत आहे आणि उरलेला अर्धा, उपवास नेमका कशासाठी धरला आहे, यात आहे.

बाजारातल्या बहुतेक क्रीमरमध्ये साय नसतेच. दूध न नासता कपाटात महिनोन्‌महिने टिकावे, या गरजेतून हा पदार्थ अमेरिकेत जन्माला आला. कार्नेशन कंपनीची ‘कॉफी-मेट’ ही भुकटी १९६१ साली आली आणि पुढे घराघरांत, कार्यालयांत, विमानांत पोचली. तिची घडण आजही फारशी बदललेली नाही. गोडीसाठी आणि दाटपणासाठी साखर किंवा मक्याच्या सिरपचा घन अंश, सायीची स्निग्धता आणण्यासाठी वनस्पती तेल, ते तेल पाण्यात मिसळून राहावे म्हणून सोडियम केसिनेट, आणि आम्लधर्मी कॉफीत त्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून डायपोटॅशियम फॉस्फेट. यातले केसिनेट हे दुधातल्याच प्रथिनापासून बनते. त्यामुळे वेष्टनावर ‘नॉन-डेअरी’ लिहिले असले, तरी दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी असलेल्यांना तो क्रीमर चालत नाही. पूर्वी यात अंशतः हायड्रोजनीकृत तेल, म्हणजे ट्रान्स फॅट, सर्रास असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली त्याची सुरक्षिततेची मान्यता काढून घेतल्यावर ते मागे पडले. भारतातही तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली.

भारतातल्या घरांत मात्र क्रीमरची जागा बहुधा डेअरी व्हाइटनर घेतो. ही साखर घातलेली दुधाची भुकटी. तिच्यात साखरेचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, शिवाय दुधातली लॅक्टोज ही साखर वेगळी. कॉफीच्या ‘थ्री-इन-वन’ पुड्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या घटकांच्या यादीत सहसा साखर आणि क्रीमर आधी येतात आणि कॉफी मागाहून. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, हे लक्षात घेतले तर त्या पुडीत पेय कोणते आणि चव कोणती, हे सांगायला नको.

आता आकडे. साध्या द्रव क्रीमरच्या एका टेबलस्पूनमध्ये, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे २० कॅलरी असतात. व्हॅनिला, हेझलनट अशा स्वादांच्या क्रीमरमध्ये त्याच मापाला ३५ कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर. भुकटीच्या एका चहाच्या चमच्यात साधारण १० कॅलरी. हे आकडे किरकोळ वाटतात, कारण वेष्टनावरचे मापच किरकोळ असते. सकाळी अर्धवट झोपेत बाटली वाकडी करणारा हात १५ मिलिलिटरवर थांबत नाही. स्वादाच्या क्रीमरचे दोन टेबलस्पून कपात पडले आणि दुपारपर्यंत असे तीन कप झाले, तर २१० कॅलरी आणि ३० ग्रॅम साखर पोटात गेली, तीही ‘काही खाल्ले नाही’ अशा प्रामाणिक समजुतीने. ‘शुगर-फ्री’ या शब्दाचाही असाच भरवसा धरता येत नाही. अमेरिकी नियमानुसार एका मापात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य छापता येते आणि ५ कॅलरींपेक्षा कमी असतील तर त्याही शून्य धरता येतात. माप लहान ठेवले की शून्य गाठणे सोपे जाते.

बाटलीचा हिशेब इथे संपतो आणि शरीराचा सुरू होतो. जेवल्यानंतर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि पेशी ती साखर वापरतात किंवा साठवतात. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साठणारी साखर १०० ग्रॅमच्या आसपास असते. खाणे थांबले की काही तासांत इन्सुलिन उतरते, यकृत हा साठा मोडायला घेते, आणि तो आटत आला की शरीर चरबीकडे वळते. चरबीतून सुटलेल्या स्निग्धाम्लांपासून यकृत कीटोन बनवते. हा पालट शेवटच्या जेवणानंतर साधारण १२ ते ३६ तासांत केव्हातरी घडतो. आदल्या रात्री किती आणि काय खाल्ले, माणूस किती हिंडला-फिरला, यावर त्याची वेळ ठरते. उपवासाच्या बऱ्याच फायद्यांचे श्रेय मार्क मॅटसन यांच्यासारखे संशोधक या पालटालाच देतात.

१६ तासांच्या उपवासात हा पालट नुकता कुठे सुरू होत असतो. क्रीमरचा त्रास होतो तो इथेच. प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी केवळ ४-५ ग्रॅम ग्लुकोज फिरत असते. स्वादाच्या क्रीमरच्या एका टेबलस्पूनमध्ये साखर तितकीच. ती एकदम रक्तात उतरत नाही, अर्धी फ्रुक्टोजच्या रूपात यकृताकडे जाते, आणि निरोगी शरीर तिची विल्हेवाट लवकर लावते. पण विल्हेवाट लावायची म्हणजे इन्सुलिन सोडायचे. आणि चरबीचे विघटन रोखायला इन्सुलिनची फारच थोडी वाढ पुरते. रक्तातली साखर पेशींत ढकलायला लागते त्याहून कितीतरी कमी. म्हणून गोड क्रीमरचा घोट चरबीची झालेली झीज पुसून टाकत नाही, पण काही वेळ ती मंदावतो. दर दीड-दोन तासांनी तो घोट घेतला, तर ही मंदी सकाळभर पुरते.

साखर नसलेल्या क्रीमरचे किंवा दुधाचे काय? स्निग्ध पदार्थ इन्सुलिनला फारसे डिवचत नाहीत. दुधाचे प्रथिन मात्र डिवचते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की दुधाने रक्तातली साखर थोडीच वाढते, पण इन्सुलिन मात्र पांढऱ्या पावाच्या तोडीचे वाढते. हा प्रयोग पेलाभर दुधाचा होता. क्रीमरच्या चमच्यात प्रथिन एक ग्रॅमही नसते, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा चमच्याला लावणे अतिशयोक्तीचे होईल. कपात अर्धे दूध असेल तर मात्र तो लागू पडू लागतो.

यातूनच ‘५० कॅलरींपर्यंत उपवास मोडत नाही’ हा नियम लोकप्रिय झाला. आकडा गोल आहे, लक्षात राहतो, आणि एका कपाला पुरेशी सूट देतो. त्याच्या प्रसाराला एवढी कारणे पुरली असावीत. शरीरात ५० वर चालू आणि ४९ वर बंद होणारे कोणतेही बटण नाही. साखरेच्या ५० कॅलरी आणि लोण्याच्या ५० कॅलरी यांचा इन्सुलिनवरचा परिणाम सारखा नसतो, आणि एकदा घेतलेल्या ५० व चार वेळा घेतलेल्या ५० यांतही फरक आहेच.

गंमत अशी की उपवासावरच्या गाजलेल्या अभ्यासांत ‘उपवास’ अनेकदा शून्य कॅलरींचा नव्हताच. शिकागोत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत १०० स्थूल व्यक्ती होत्या. त्यांच्यातल्या एक दिवसाआड उपवास करणाऱ्या गटाला उपवासाच्या दिवशी गरजेच्या २५ टक्के, म्हणजे जवळपास ५०० कॅलरी घेण्याची मुभा होती. वर्षाअखेर त्यांचे वजन ६ टक्क्यांनी घटले. रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे ५.३ टक्क्यांनी. फरक नगण्य. ब्रिटनमधून पसरलेल्या ५:२ पद्धतीतही उपवासाच्या दोन दिवशी ५०० ते ६०० कॅलरी चालतात. जर्मनीत बोडन सरोवराकाठच्या बुखिंगर उपवास केंद्रात तर रोज रस, सूप आणि थोडा मध मिळून २५० कॅलरींच्या आसपास देतात, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या १,४२२ जणांच्या अभ्यासात त्यांच्या शरीरात कीटोन वाढलेले आढळले. अर्थात ते उपवास कित्येक दिवसांचे होते. लांब उपवासात २५० कॅलरी पचून जातात. १६ तासांच्या उपवासात पालटाला मुळात मिळतात दोन-चार तास, त्यातला एक तासही जड जातो.

वजन उतरवणे एवढाच हेतू असेल, तर क्रीमरचा प्रश्न बराचसा बेरजेचा आहे. १६:८ पाळणाऱ्यांचे वजन उतरते ते मुख्यतः खाण्याचे तास घटल्याने आपोआप कमी खाल्ले जाते म्हणून. ही घट दिवसाला साधारण २०० ते ५५० कॅलरींची असते. वर मांडलेले तीन कप या घटीची खालची बाजू पूर्णपणे खाऊन टाकतात. उलट एका कपातले २० कॅलरींचे साधे क्रीमर कुणाचे वजन अडवून धरणार नाही. ते मिळाले म्हणून माणूस दुपारपर्यंत बिस्किटांपासून दूर राहत असेल, तर सौदा फायद्याचाच म्हणावा लागेल. चीनमधल्या क्वांगचौ इथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हीच बाजू अधोरेखित केली. दोन्ही गटांनी कॅलरी सारख्याच कमी केल्या आणि त्यातल्या एका गटाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ले. वर्षाअखेर वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोने आणि इतरांचे ६.३ किलोने उतरले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

रक्तातली साखर आणि इन्सुलिनची कार्यक्षमता सुधारणे हा हेतू असेल, तर हिशेब बदलतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ८ पुरुषांवर झालेला एक छोटा पण काटेकोर प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. खाण्याचे सहाच तास, रात्रीचे जेवण दुपारी ३ च्या आत. पाच आठवड्यांत वजन जवळजवळ न घटताही त्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारली आणि रक्तदाब उतरला. इन्सुलिनला मिळालेली सलग विश्रांती हे जर या फायद्याचे एक कारण असेल, तर गोड क्रीमर ती विश्रांतीच तोडतो. इथे साखरेचा चमचा कॅलरींपेक्षा जास्त महाग पडतो.

तिसरा हेतू ऑटोफॅजीचा, म्हणजे पेशींनी आपलेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरण्याचा. यीस्टमध्ये ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, आणि तेव्हापासून उपवासाच्या प्रत्येक पुस्तकात तिचा उल्लेख आला. पेशीत अमिनो आम्ले आणि इन्सुलिन वाढले की एमटॉर नावाचे प्रथिन जागे होते आणि ही सफाई आवरते, एवढे पक्के आहे. म्हणून ऑटोफॅजीसाठी उपवास करणाऱ्याने प्रथिन आणि साखर दोन्ही टाळावीत, हा तर्क बरोबर आहे. पण माणसात ती कितव्या तासाला सुरू होते आणि एका चमच्याने किती मंदावते, हे जिवंत शरीरात मोजण्याची सोपी सोय नाही. ठाम आकडे सांगणाऱ्यांचा आधार बहुतेक वेळा उंदीर असतो. त्याच उंदरांवरच्या २०१४ च्या एका प्रयोगात कॉफीने, कॅफिन काढलेल्या कॉफीनेसुद्धा, ऑटोफॅजी वाढवली होती. म्हणजे या हेतूने पाहिले तर कपातल्या कॉफीवर संशय घ्यायचे कारण नाही, घ्यायचा असेल तर तो तिच्यात ओतलेल्या पदार्थावर.

अमेरिकेतल्या साल्क संस्थेत शरीराच्या घड्याळावर काम करणारे, मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांची भूमिका सर्वांत कडक. आतडी, यकृत, स्वादुपिंड यांची घड्याळे दिवसाच्या पहिल्या घोटाने चालू होतात, म्हणून खाण्याचे तास पहिल्या कॉफीपासून मोजावेत, असे त्यांचे सांगणे आहे. या मोजमापात सकाळी ७ ची क्रीमरवाली कॉफी आणि रात्री ९ चे जेवण म्हणजे चौदा तासांचे खाणे झाले. मधल्या दुपारी काय सोडले याला अर्थ उरत नाही.

लोणी घातलेल्या कॉफीची गणना या सगळ्यापासून वेगळी करावी लागते. डेव्ह अॅस्प्री या अमेरिकी उद्योजकाने तिबेटी लोणी-चहावरून सुचलेली ही कॉफी ‘बुलेटप्रूफ’ नावाने खपवली. तिच्यात लोणी आणि नारळाच्या तेलातून काढलेले एमसीटी तेल असते. दोन्हींचा एकेक टेबलस्पून धरला तर कप २०० कॅलरींच्या वर जातो. साखर आणि प्रथिन जवळजवळ नसल्याने इन्सुलिन शांत राहते आणि रक्तातले कीटोन वाढलेलेही दिसतात. पण ते कीटोन कपातल्या तेलाचे असतात. पोटावरची चरबी वापरली जात आहे, असा त्याचा अर्थ लावणे चूक आहे. शरीराला समोर तयार इंधन मिळाल्यावर साठ्याला हात लावायची घाई नसते.

कृत्रिम गोडीच्या क्रीमरबाबत पुरावा दोन्हीकडे झुकतो. सुक्रालोज नुसते घेतल्यास साखर वाढत नाही, पण २०१३ च्या एका अभ्यासात १७ अतिस्थूल व्यक्तींना ते ग्लुकोजच्या आधी दिले तेव्हा इन्सुलिनची उसळी सुमारे २० टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीचा आधार घेऊ नये, अशी शिफारस केली. शिवाय या बाटल्यांत गोडी कृत्रिम असली तरी तेल आणि केसिनेट खरेच असतात.

काळी कॉफीही पूर्ण निर्दोष नाही. कॅफिन चरबी मोकळी करायला मदत करते, पण ते इन्सुलिनला मिळणारी दाद तात्पुरती कमीही करते. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात, रात्रीची झोप मोडलेल्या २९ निरोगी व्यक्तींना सकाळी आधी कडक काळी कॉफी आणि मग साखरेचे पेय दिले, तेव्हा रक्तातल्या साखरेची उसळी सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. उपवास सोडताना कॉफीपाठोपाठ शिरा किंवा गोड पोहे खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम कॅफिन ही युरोपीय अन्न सुरक्षा यंत्रणेची मर्यादा आहे; मोठ्या कपात ९५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. रिकाम्या पोटी कॉफीने ज्यांना जळजळ होते, त्यांचा प्रश्न क्रीमरने सुटत नाही, कॉफी पुढे ढकलल्याने सुटतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुधा चहाच्या रूपाने विचारला जातो, आणि त्याला इथे एक तयार उत्तरही आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहार योजनेत दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, काळा चहा-कॉफी किंवा बिनसाखरेचा, २५ टक्क्यांपर्यंत दूध असलेला चहा चालतो. १०० मिलिलिटरच्या कपात २५ मिलिलिटर टोन्ड दूध म्हणजे साधारण १५ कॅलरी आणि सव्वा ग्रॅम लॅक्टोज. स्वादाच्या क्रीमरच्या एका चमच्यातल्या साखरेचा चौथा हिस्सा. ही सवलत शास्त्राच्या काट्यावर तोललेली असो वा नसो, माणसाच्या स्वभावाला धरून आहे. उडप्याकडची फिल्टर कॉफी मात्र या सवलतीत बसत नाही. तिच्यात दूधच अर्ध्याहून जास्त, त्यात दोन चमचे साखर; कप शंभरेक कॅलरींचा होतो. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर ती खुशाल चालते, कारण त्या उपवासाचे नियम कॅलरींवरून ठरलेले नाहीत. १६:८ च्या खात्यात ती सरळ नाश्ता म्हणून लिहावी लागते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी असा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. त्यांच्या बाबतीत क्रीमरने उपवास मोडतो काय यापेक्षा साखर धोकादायक पातळीला उतरते काय, हा प्रश्न आधीचा असतो.

दवाखान्यातले उपवास वेगळे, आणि तिथे पळवाट नाही. उपाशीपोटी साखर किंवा चरबी तपासायची असेल तर ८ ते १२ तास फक्त पाणी घ्यावे. काळी कॉफीही टाळावी, कारण कॅफिनमुळे आकडे हलू शकतात. भुलीच्या आधी मात्र नियम उलट दिसतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार निरोगी रुग्णाला ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत काळी कॉफी चालते. त्यात दूध पडले की तीच कॉफी हलक्या जेवणात धरली जाते आणि सहा तास थांबावे लागते. दूध जठरात फाटून त्याचे दही बनते, ते पुढे सरकायला वेळ घेते, आणि भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी याहून जास्त तास सांगितले असतील तर तेच पाळायचे, आणि चुकून दुधाची कॉफी घेतली गेली असेल तर ते भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचे.